भाऊंची गरम फेरी

भाऊ फुलांचा वास कधी घ्यायचे नाहीत. फुलं देवाची, आपण हुंगून ती उष्टी कशाला करायची, असं त्यांचं म्हणणं. मोगऱ्याचा गजरा माळलेली बाई शेजारून गेली तरी हा माणूस मान वळवायचा नाही. पण गाडी सुरू करून मालक बाजूला झाला, की भाऊ सायलेन्सरपाशी उकिडवे बसायचे, तीर्थ घ्यायला करतात तसा उजव्या हाताचा खोलगट तळवा धुरापुढे धरायचे, तो नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. चेहऱ्यावर असं काही समाधान, की बघणाऱ्याला वाटावं आत अत्तराचा कारखाना आहे. मग डोळे उघडून सांगायचे, "कच्चं पेट्रोल येतंय. एक प्लग झोपलाय." किंवा, "गोडूस वास हाय. रेडिएटरचं पाणी पितेय ही." उल्हासनगरच्या स्पेअर पार्टच्या गल्लीपासून बदलापूरच्या टोकापर्यंत त्यांना सगळे नाकवाले भाऊच म्हणत. खरं नाव रेशनकार्डावर असेल. मला ते फार उशिरा कळलं आणि कळल्यावरही कधी वापरावंसं वाटलं नाही.

आमची ओळख झाली ती माझ्या कामामुळे. अंबरनाथहून बदलापूरकडे येताना एका पेट्रोल पंपाच्या कडेला जुनी पांढरी व्हॅन उभी असते. तिच्यात एक मशीन, एक कॉम्प्युटर, एक टेबलफॅन आणि मी. मशीनची नळी गाडीच्या सायलेन्सरमध्ये घालायची, गाडी रेस करायला सांगायची, धुरात किती विष आहे ते पडद्यावर बघायचं आणि ठीक असेल तर पीयूसीचं सर्टिफिकेट द्यायचं. बीकॉम झाल्यावर मुलगी बँकेत लागेल असं आईला वाटलं होतं. मुलगी धूर मोजायला बसली. पास झालेल्या गाडीचा मालक माझ्याकडे बघतही नाही. नापास झालेला मात्र असा बघतो, जणू मी त्याच्या पोराला दहावीत बसवून ठेवलंय. "मॅडम, मशीन चेक करा तुमचं," हे त्याचं पहिलं वाक्य. "द्या ना ॲडजस्ट करून," हे दुसरं. तिसरं यायच्या आत मी सांगून टाकायची, "खरवईच्या रस्त्याला नाकवाल्या भाऊंची शेड आहे. त्यांना दाखवून या."

भाऊ मूळचे बारवी धरणाच्या बाजूच्या एका वाडीतले. घरची भातशेती, पण खाणारी तोंडं फार, म्हणून तरुणपणीच ते अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत लागले. तिथल्या मोठाल्या टाक्यांमध्ये उत्प्रेरक भरायचं आणि काढायचं काम त्यांच्याकडे असे. नाक तयार झालं ते तिथं. कुठला व्हॉल्व्ह गळतोय हे मीटरच्या आधी त्यांना समजे, म्हणून शिफ्ट सुरू होताना फोरमन त्यांना नुसतं एक चक्कर मारून यायला लावायचा. पुढे कंपनी बंद पडली. भाऊ सायलेन्सरचं वेल्डिंग करू लागले, आणि एक दिवस कापलेल्या सायलेन्सरच्या पोटातली जाळी हातात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे तर आपलंच जुनं काम, फक्त टाकी लहान झाली.

त्या जाळीच्या डब्याला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला, गॅरेजवाले कॅट म्हणतात. भाऊ मध्यस्थ म्हणत. येणाऱ्या प्रत्येक मालकाच्या खांद्यावर हात ठेवून ते समजावून सांगायचे, "हे बघा, सायलेन्सरच्या पोटात एक डबा असतो, मधाच्या पोळ्यासारखा. तो काय करतो? लग्नं जमवतो. इंजिनातनं विषारी वायू येतात, त्यांची नि हवेची गाठ घालून देतो. दोघंही चांगल्या घरी पडतात. हा मात्र तसाच राहतो, कोराचा कोरा. फक्त एक हाय, मध्यस्थ गरम पायजे. थंड मध्यस्थानं आजवर कोणाचं लग्न जमवलंय?" हे ऐकताना मालक हमखास घड्याळाकडे बघत असे. भाऊंना त्याची पर्वा नसे.

दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य, "कॅट मरत नाय, त्याला मारतात." गाडी नापास झाली की बहुतेक गॅरेजांत दोनच उपाय सुचवतात. नवा कॅट बसवा, नाहीतर जुन्याची जाळी फोडून डबा पोकळ करून घ्या, म्हणजे गाडी कशी मोकळी पळते बघा. अशी पोकळ केलेली गाडी शेडमध्ये आली की भाऊ खाली सरकून, नारळ पारखतात तसं बोटांच्या पेरांनी डब्यावर वाजवायचे. आतून रिकामा आवाज आला की तळहात त्यावर ठेवून थोडा वेळ तसेच पडून राहायचे. रागवायचे नाहीत. बाहेर येऊन एवढंच म्हणायचे, "घरातलं म्हातारं माणूस थकलं म्हणून कोणी घराबाहेर काढतं का? त्याला कोण दमवतंय ते आधी बघायचं." उल्हासनगरात जुन्या कॅटचा धंदा करणारा एक सिंधी सेठ होता, त्याला सगळे साईं म्हणत. तो भेटला की भाऊंना टोमणा ठरलेला, "अरे भाऊ, तुम तो मेरा धंदा खा जाओगे! जिसको देखो ठीक करके भेज देते हो!" आणि त्याची स्वतःची गाडी नापास झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाऊंच्याच शेडबाहेर उभी.

पण भाऊंची खरी ओळख म्हणजे गरम फेरी. गाडी कुठलीही असो, पान्याला हात लावण्याआधी ते तिला फिरवून आणत. "घरापासनं पंपापर्यंत आलेली गाडी म्हणजे झोपेतनं उठवून परीक्षेला बसवलेलं पोर," असं ते म्हणत, आणि त्यात तथ्य होतं. जवळच्या जवळ चालणाऱ्या गाड्यांचा कॅट तापतच नाही, आणि तापला नाही तर काम करत नाही. म्हणून मग मालकाला शेजारी बसवायचं, गाव मागे टाकायचं आणि बारवी धरणाचा रस्ता धरायचा. काचा पूर्ण खाली, गाडी तिसऱ्या गियरवर, वेग असा की मागून येणारा टेम्पो ओलांडून जाईल पण सायकल मागेच राहील. जाताना भाऊ वास सांगत जायचे. आधी वडापावच्या गाडीवरचं तेल, मग नव्या बिल्डिंगींचं ओलं सिमेंट, मग एक गोठा, मग चुलीचा धूर, पुढे करवंदीच्या जाळ्या, सागाचा कुजलेला पाला, आणि सगळ्यात शेवटी पाणी. पाण्याला वास नसतो असं आपल्याला शाळेत शिकवतात. भाऊंना ते अजिबात मान्य नव्हतं.

त्या रस्त्यावर माणसांचं काहीतरी व्हायचं. शेडमधून निघताना कपाळाला आठ्या घातलेला मालक परत येताना सीट मागे टाकून बसलेला असे. कुणी भाऊंना मुलीच्या लग्नाचं सांगे, कुणी बायपासचं. एकदा खरवईच्या नव्या सोसायटीतलं एक जोडपं आलं. गाडी नापास झाली म्हणून दोघांत असं पेटलं होतं, की माझ्या व्हॅनपासून भाऊंच्या शेडपर्यंत ती मागच्या सीटवर आणि तो पुढे. गरम फेरीहून परतले तेव्हा दोघांचे पाय ओले आणि तिच्या ओढणीत करवंदं. गाडी मात्र पुन्हा नापास! मग भाऊंनी सायलेन्सरचा एक जोड शोधून काढला, जिथं केसाएवढी फट होती. "इथं नळीला एक कान असतो, सेन्सर," त्यांनी दोघांना समजावलं. "फटीतनं बाहेरची हवा आत येते नि त्या कानाला खोटी बातमी लागते. तो इंजिनला सांगतो, पेट्रोल कमी पडतंय. इंजिन बिचारं आणखी ओततं. नि मार खातो कोण, तर कॅट. चूक ना इंजिनाची, ना कॅटची. मधल्या फटीची." जोडपं एकमेकांकडे बघून हसलं. भाऊंनी वर बघितलंही नाही. ते वेल्डिंगचा चष्मा शोधत होते.

मग कोरोना आला. माझी व्हॅन बंद, भाऊंची शेड बंद. भाऊंना ताप आला आणि तो आठवड्याभरात उतरलाही. ते बरे होऊन उठले त्या दिवशी काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांच्या आवडीचे सुके बोंबील चुलीवर भाजायला ठेवले आणि त्या पाणी आणायला गेल्या. येऊन बघतात तर बोंबलांचा कोळसा, अख्खं घर धुरानं भरलेलं, आणि भाऊ चुलीशेजारीच पाठमोरे बसून रेडिओची बॅटरी बदलतायत. काकी म्हणाल्या, "अवो, जळलं ना सगळं!" भाऊ म्हणाले, "काय जळलं?" काकी मला हे सांगायच्या तेव्हा नेहमी इथंच थांबायच्या.

त्या दिवसांत वास पुष्कळांचा गेला होता. माझाही गेला होता. महिन्याभरात माझा परत आला, शेजाऱ्यांचा आला, साईंचा आला. भाऊंचा आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, रोज वेगवेगळे वास देत राहा, नाकाला पुन्हा आठवेल. मग रोज सकाळी ओट्यावर काकी त्यांच्या नाकाशी एकेक वस्तू धरायच्या. लवंग, लिंबू, कापूर, कधी हिंग. भाऊ डोळे मिटून बसायचे आणि मधूनच एका डोळ्याची फट करून ऐटीत सांगायचे, "लवंग!" काकी त्यांच्या हातावर चापट मारायच्या. पहिले काही दिवस दोघं हसत. पुढे काकी नुसती वस्तू धरत आणि भाऊ नुसती मान हलवत.

व्हॅन पुन्हा सुरू झाली तेव्हा भाऊ दुपारी माझ्याकडे आले. गिऱ्हाईक नव्हतं. बाकावर बसले, गुडघ्यावर हात चोळत राहिले आणि म्हणाले, "काय गो पीयूसी, तुझं नाक कसं हाय?" मला ते सुरुवातीपासून पीयूसीच म्हणायचे. मी म्हटलं, ठीक आहे. "मग थोडे दिवस माझं पण तूच हो," ते म्हणाले. "डॉक्टर बोललेत, येईल परत. तोवर कोणाला कळायला नको. नाकवाल्याचं नाक गेलं असं झालं तर शेडवर कुत्रं तरी येईल का?" ते हसले, पण मला हसू आलं नाही. मग आवाज उतरवून म्हणाले, "शेडचं काय नाय गो. बारवीच्या रस्त्यानं जातो ना, तर काचेच्या पेटीतनं गेल्यासारखं वाटतं. रस्ता दिसतो, पण येत नाय."

त्यानंतर दुपारी पंपावर गर्दी नसली की मी व्हॅनला कुलूप लावून शेडवर जायची. आमचं एक नाटकच बसलं होतं. भाऊ नेहमीसारखे उकिडवे बसायचे, तळवा नाकाशी, डोळे मिटलेले. मी मागे उभी राहून, मशीनवरचे आकडे आठवतेय असा चेहरा करून हळूच पुटपुटायची. पंपवाल्यांच्या नाकात पेट्रोल इतकं बसलेलं असतं की धूर हुंगणं मला सुरुवातीला जमेना. भाऊ म्हणाले, "गाडीचं नाव घेऊच नको. तुझ्या स्वयंपाकघरातलं सांग." मग मला सुचू लागलं. कढईत तेल जास्त तापलंय, म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काकवी उकळतेय, म्हणजे रेडिएटरचं पाणी आत शिरतंय. नासक्या अंड्याचा वास, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय आणि कॅट बिचारा ते पचवू बघतोय. मी 'काकवी' म्हटलं की भाऊ डोळे उघडून गिऱ्हाइकाला सांगायचे, "गोडूस वास हाय." गिऱ्हाईक थक्क. घरी आईला वाटायचं, मुलीला अचानक स्वयंपाकाची गोडी लागली. फोडणी करपायच्या आत मी आतल्या खोलीतून ओरडायची.

गरम फेरीलाही मी मागच्या सीटवर असायची. मालक पुढे बोलत असायचा, आणि भाऊ आरशातून माझ्याकडे बघायचे. मी वास सांगायची, जणू मालकालाच सांगतेय. गोठा आला. चूल पेटलीय कुठेतरी. भाऊंचे डोळे आरशात क्षणभर मिटायचे आणि पुन्हा रस्त्यावर यायचे. त्या दुपारी अशा संथ होत्या, की कधीकधी मला वाटायचं आपण गाडी तपासायला निघालोच नाही आहोत, हा रस्ता असाच लांबत जाणार आहे आणि आपण वास सांगत राहणार आहोत. एकदा घरी जायच्या वेळी त्यांनी मला विचारलं, "तू करवंद बोललीस तेव्हा मला करवंद हा शब्द कळला. पण वास आठवतो का नाय, तेच आता समजत नाय. आठवणीतनं पण जातो काय गो?" मी म्हटलं, नाही जात. हे मी अगदी ठामपणे म्हटलं.

मार्चच्या शेवटी पंपावर रांग असते. त्या दिवशी माझी रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि शेडवर एमआयडीसीत कामाला असलेला एक तरुण गाडी घेऊन आला होता. मला बोलवायला नको म्हणून भाऊ एकटेच त्याला घेऊन फेरीला निघाले. गाडी अधूनमधून झटके देत होती. मी मागे असते तर निघतानाच सांगितलं असतं की कच्च्या पेट्रोलचा भपकारा येतोय. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि डबा लालबुंद होतो, हे मला शिकवलं ते भाऊंनीच. तापलेली गाडी सुक्या गवतावर उभी करायची नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं. माळावर मुरमाची एक मोकळी जागा होती, तिथं थांबून ते नेहमी इंजिनचा आवाज ऐकायचे. त्या वर्षी पावसानंतर तिथं गवत माजलं होतं आणि उन्हानं वाळून गेलं होतं. भाऊंनी सवयीनं गाडी तिथंच घेतली. तरुण रेंज शोधत चढावर गेला. भाऊंनी इंजिन चालूच ठेवलं, मान मागे टाकली आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

गवत खालून पेटलं. वाऱ्यानं धूर चढावर गेला, तिथं फोनवर बोलणाऱ्या तरुणाला आला, लाकडं घेऊन निघालेल्या वाडीतल्या बाईला आला. ती मोळी टाकून ओरडत धावली तेव्हा कुठे भाऊंनी डोळे उघडले. कडेच्या शेतात पेंढ्याची उडवी होती, आग तिथवर पोचली. माणसं टहाळे घेऊन आली, ओली पोती आली, आग विझली. कुणाला काही झालं नाही. गाडीच्या खालच्या वायरी गेल्या, अर्धी उडवी गेली, आणि गवत तुडवताना भाऊंच्या हाताला फोड आले. उडवीच्या मालकाला भाऊंनी दुसऱ्याच दिवशी आपल्या वाडीतला पेंढा नेऊन दिला.

पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, हाताला फडकं बांधून ते माझ्या व्हॅनपाशी आले. माझी रांग अजून संपली नव्हती. रिक्षावाले होते, दोन-तीन नेहमीचे मालक होते, साईंचा ड्रायव्हर होता. भाऊ सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मंडळी, माझं नाक गेलंय. लय दिवस झाले. आता मी गाडी तपासणार नाय." तो तरुणही सोबत आला होता. तो म्हणाला, "जाऊ दे ना भाऊ, गाडी वाचली ना. कुछ नहीं हुआ." भाऊंनी त्याच्याकडे बघितलं. "तू चढावर होतास. आत असतास नि डोळा लागला असता तर? मी जागा होतो बाबा. जागा असून मला कळलं नाय." मी व्हॅनमधून उतरले आणि रडवेल्या आवाजात काहीतरी बोलत सुटले, की मी रोज येईन, पंपवाल्यांना सांगेन, फेरीला मीच पुढे बसेन. भाऊंनी न भाजलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. "उसन्या नाकानं कॅट तपासता येतो," ते म्हणाले. "गाडीत माणसं घेऊन उसन्या नाकानं नाय जायचं." मग त्यांनी रांगेतल्या रिक्षाला हात केला आणि ते घरी गेले. मी कॉम्प्युटरमागे तोंड लपवून मनसोक्त रडले. बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

शेड बंद झाली. भाऊ आणि काकी वाडीतल्या घरी राहायला गेले. तिथं त्यांची थोडी भाताची जमीन होती, एक म्हैस होती, आणि दुपारी अंगणात बसायला आंब्याची सावली होती. मी सुट्टीच्या दिवशी जायची. काकी चहा द्यायच्या, भाऊ कप हातात घेऊन आधी मला विचारायचे, "काय घातलंय गो हिनं?" मी वास घेऊन सांगायची, गवती चहा आहे आणि थोडं आलं. "हिला विचारलं तर बोलते, चहाच हाय," भाऊ तक्रार करायचे. काकी आतून म्हणायच्या, "मग चहाच हाय ना!" नापास गाड्या आता मला विचारतात, कुठं दाखवू. मी आधी स्वतः सायलेन्सरपाशी उकिडवी बसते. सलवार-कमीज घातलेली बाई धूर हुंगतेय म्हणून लोक मोबाईल काढतात. काढू देत. प्लग का कॅट एवढं तरी मी सांगू शकते, आणि चुकले तर काय, हे विचारायला आता भाऊ नाहीत याचं मला रोज वाईट वाटतं.

ते गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यातली एक दुपार सांगते. मी जुनी का होईना एक गाडी घेतली होती, आणि ती दाखवायला वाडीवर गेले. भाऊंनी बोनेटवर हात ठेवला, दार उघडून शेजारच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चल. तिसऱ्या गियरवर." आम्ही गावापर्यंत गेलो आणि तिथून वळून पुन्हा धरणाच्या रस्त्याला लागलो. काचा खाली केल्या. "सांगत जा," एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले. मी सांगू लागले. तेल, भज्यांचं, दुसऱ्यांदा तापवलेलं. सिमेंट. इथे रंग लावलाय कुणीतरी. गोठा, आणि म्हशीला पेंड घातलीय. चूल, ओली लाकडं. भाऊ प्रत्येक शब्दाला मान हलवत होते, जुन्या ओळखीच्या माणसाला रस्त्यात करतात तशी. रान लागलं. पाला, थोडासा बुरशीचा. ऊन तिरपं येत होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून सावल्या सरकत होत्या.

रान संपलं की धरणाच्या अलीकडे एक उघडा कातळ लागतो. झाड नाही, घर नाही, नुसता काळा दगड आणि वारा. मी नाक वर केलं, काहीच येईना. शेजारी भाऊ डोळे मिटून वाट बघत होते. त्यांना रिकामं ठेवणं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, "भाऊ, ओल्या मातीचा वास येतोय. गार, छान."

भाऊ डोळे न उघडताच हसले.

"इथं कातळ हाय," ते म्हणाले. "इथं कधीच कसला वास नसतो. वारा सगळा घेऊन जातो. एवढी वर्षं कोणाला खोटं सर्टिफिकेट दिलं नायस, मला कशाला देतेस?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रस्ता धूसर झाला म्हणून मी वेग कमी केला. "नाही येत भाऊ," मी म्हटलं. "इथं मला काहीच वास येत नाही."

"बघ," भाऊ म्हणाले. "म्हणजे इथं तू नि मी सारखे."

थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले, बाहेरच्या काळ्या दगडाकडे बघितलं आणि म्हणाले, "थांबव जरा."

मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. दोन्ही काचांतून वारा आरपार जात होता. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथं बसलो होतो, आणि भाऊंनी मला काहीही विचारलं नाही.